पाणी किती? की पाणी कसं?

आधी एक क्विझचा प्रश्न. अमेरिकेची ती प्रसिद्ध पर्यावरण संस्था, ईपीए, जुनी की आपलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ जुनं? आमच्या विंगमध्ये विचारलं तर झाडून सगळ्याजणी 'ईपीए' म्हणाल्या. चूक! ईपीए २ डिसेंबर १९७० ची आणि आपलं मंडळ ७ सप्टेंबर १९७० चं. दिल्लीचं केंद्रीय मंडळ तर १९७४ मध्ये आलं, पाण्याचा केंद्रीय कायदा झाला त्या वर्षी. महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्येच करून ठेवला होता. हे शाळेत कुणी सांगत नाही. (माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे नदी म्हणजे थेम्स. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.)

आता फरक बघा. १९६९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड शहरातल्या कायाहोगा नदीने पेट घेतला. हो, नदीने! पाण्यावर तेलाचा इतका तवंग होता. त्यावरून देशभर बोंब झाली, पुढच्या वर्षी ईपीए आली आणि तिचे पहिले प्रमुख विल्यम रकल्सहाउस यांनी पहिल्याच महिन्यात क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि अटलांटा यांना १८० दिवसांच्या नोटिसा धाडल्या. कशासाठी, तर नदीत सांडपाणी सोडता म्हणून. नोटिसा शहरांना होत्या, हे महत्त्वाचं.

आपल्याकडे मंडळ म्हटलं की कारखाना आठवतो. कारखान्याला संमतीपत्र द्यायचं, नमुने घ्यायचे, खटले भरायचे. भोपाळ १९८४ मध्ये झालं, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८८ च्या दुरुस्तीने न ऐकणाऱ्याची वीज आणि पाणी तोडायचा अधिकारही मिळाला. तेव्हा मंडळाला दात नाहीत हे कट्ट्यावरचं वाक्य काही खरं नाही. आमच्या लातूरकडे मळीच्या पाण्याचा वास आला की लोक मंडळाला शिव्या घालतात, आणि घालाव्यातच. पण साखर कारखान्याला निदान टाळं लावता येतं. शहराला टाळं कसं लावणार? महापालिकेची वीज तोडली तर पंपिंग बंद पडून मैला उलट जास्तच नदीत जाणार. आणि गंमत म्हणजे १९७४ च्या कायद्याप्रमाणे राज्य मंडळावर स्थानिक स्वराज्य संस्थांचे पाचपर्यंत सदस्य नेमता येतात. म्हणजे ज्यांच्या नाल्यांचं पाणी नदीत, त्यांचेच प्रतिनिधी मंडळाच्या टेबलाशी! अध्यक्ष नेमणार राज्य सरकार, आणि महापालिकेला एसटीपीसाठी पैसे देणारही तेच सरकार. नोटीस जाते, उत्तर येतं, फाईल जाडी होते. माणसं कमी आहेत हे कारण मंडळाकडे आहेच, ते खोटंही नाही. पण माझ्या मते दुखणं माणसांचं कमी आणि रचनेचं जास्त आहे.

दुसरं दुखणं आपलं स्वतःचं. आपण मराठवाड्याची माणसं पाणी टीएमसीत मोजतो. साहजिक आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे लातूरला आली, दहा वॅगन, साधारण पाच लाख लिटर. मी तेव्हा पाचवीत होते. ज्याने कळशीच्या रांगा पाहिल्यात तो पाणी आलं का एवढंच विचारणार, त्यात काय आहे हे नाही. बाभळी बंधाऱ्याचंही तेच. धर्माबादजवळच्या त्या बंधाऱ्यावरून दोन राज्यं सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला, दारं १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवायची ठरली, २.७४ टीएमसी महाराष्ट्राचे झाले. छान झालं. पण ते पाणी नांदेड शहराच्या खालच्या अंगाला अडतं. त्यात मिलिग्रॅम किती, यावर कुणी चकार शब्द काढला नाही. खरं तर पाणी जितकं कमी तितकी घाण दाट, हे डायल्युशनचं गणित आपण थर्ड इयरलाच सोडवतो.

तर मिलिग्रॅमचा हिशेब असा. नदीतला सेंद्रिय मळ पचवायला जीवाणूंना किती ऑक्सिजन लागतो, तो बीओडी. आंघोळीच्या पाण्यात तो लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये यादी काढली, देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे, त्यात ५३ महाराष्ट्राचे, देशात सर्वात जास्त. गोदावरी त्यात आहे, मांजराही आहे. २०२२ च्या अहवालात देशाचा आकडा ३११ वर उतरला. आपला? ५५! आणि नगिना घाटावर, गोवर्धन घाटावर लोक श्रद्धेने डुबकी मारतातच. त्यांना हा ३ चा आकडा कुणी सांगितलाय का? मोजमाप होतं, अहवाल वेबसाईटवर इंग्रजीत पडून राहतो. घाटावरच्या आजीला तो काय उपयोगाचा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. मंडळाने महिन्याचा आकडा घाटावर फळ्यावर लिहावा, मराठीत, मोठ्या अक्षरांत, शेजारी मर्यादा ३. लातूरलाही मांजरेच्या काठी तसाच. शिक्षेपेक्षा महापालिकेला हा फळा जास्त झोंबेल असं मला वाटतं, कारण तो मतदार वाचतील. १९८६ च्या कायद्यातली कैद तशीही २०२३ च्या जनविश्वास कायद्याने गेली, आता दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड राहिलाय. तो महापालिकेने भरला तरी शेवटी कुणाच्या घरपट्टीतून जाणार, सांगा!

आणि मंडळ लिहीपर्यंत थांबायलाच हवं असंही नाही. पर्यावरणाचा पेपर आपल्या सगळ्यांना सक्तीचा आहे, मेकॅनिकलवाल्यांनाही, आणि आपण तो आदल्या रात्री झेरॉक्सवर काढतो. सिव्हिलच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर आहे. २७ अंशावर तीन दिवस, म्हणजे सोमवारी बाटली भरली की गुरुवारी आकडा. सरांनी परवानगी दिली तर आमच्या बॅचच्या चौघीजणी तयार आहेत. फळ्याचा खर्च गॅदरिंगच्या एका फ्लेक्सएवढाही नाही.