सीपीयूची घरघर आणि आपल्या हातातली कारागिरी

हातकणंगले तालुक्याला कारागिरी शिकवायला बाहेरून कुणी यावे, अशी परिस्थिती कधीच नव्हती. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसविला. तेव्हापासून या पट्ट्यात माग वाढले आणि त्यांच्याबरोबर माग दुरुस्त करणारे हातही वाढले. हुपरीचे चांदीकाम देशभर जाते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकाम, यंत्रकाम आणि पत्राकाम चालते. अशा या तालुक्यात एखाद्या दुकानात सीपीयूची एक बाजू उघडी टाकून त्यावर टेबलफॅन सोडलेला दिसतो, तेव्हा आम्हास नवल वाटते. मागाचा बिघडलेला भाग दुपारच्या आत बसवून देणारा माणूस संगणकाच्या पत्र्याच्या डब्यापुढे हात टेकतो, याचे कारण अक्कल कमी आहे असे नव्हे. हा डबा आपण कापू शकतो, हे कुणी त्याला सांगितलेलेच नसते.

आज संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. सेवा केंद्रात दाखले निघतात ते त्याच्यावर, मागाच्या कारखान्यात दिवाणजी जीएसटीची बिले काढतो ती त्याच्यावर, लग्नपत्रिकेची जुळणी आणि भरतकामाचे डिझाईनही त्याच्यावरच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात हा संगणक दुपारी दोन वाजता आपोआप मंद होतो किंवा बंद पडतो, आणि बाहेर दाखल्यासाठी रांग उभी असते. त्या दिवसाची रोजी बुडते. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानात गेले की परत येईलच असे नाही.

दुसरा त्रास आवाजाचा. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर जातो, हे मोजलेले आहे. त्या आवाजात रातपाळी करून आलेला माणूस सकाळी घरी झोपतो. पुढच्या खोलीत मुलाने टाकलेले छोटे झेरॉक्स-संगणकाचे दुकान, मधे एक पडदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम घरातल्या सीपीयूला लावायचा नसतो, पण मापाची कल्पना त्यावरून येते. जुना, धुळीने भरलेला सीपीयू पूर्ण वेगाने घरघरू लागला की अशा घरात ना झोप लागते, ना मुलांचा अभ्यास होतो.

आता मूळ दुखणे पाहू. संगणक जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपात डब्यात सोडतो. १०० वॅटची उष्णता बाहेर न्यायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा डब्यातून जावी लागते. २०० वॅट असतील तर १००० लिटर. हिशेब एवढा सोपा आहे. स्वस्तातल्या जुन्या कॅबिनेटमध्ये हवा आत येण्याची वाट म्हणजे पुढच्या प्लॅस्टिकखालची बोटभर फट, आणि बाहेर जाण्याची वाट म्हणजे पाठीमागे पत्र्यातच ठोकून काढलेली बारीक भोके. त्या भोकांच्या जागी अर्धाअधिक पत्राच असतो. त्यात आपल्याकडे हवेत कापसाचे बारीक तंतू. ते प्रोसेसरवरच्या पात्यांत अडकून नमद्यासारखा थर बसतो. मग पंखा कितीही फिरला तरी हवा पुढे सरकत नाही, फक्त आवाज वाढतो.

पंख्याचे शास्त्र आपल्या जॉबरांना आणि फिटरांना समजायला अवघड नाही. पंखा मोठा असेल तर तेवढीच हवा तो कमी वेगात ढकलतो. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा बसविला, तर तत्त्वतः वेग एकतृतीयांशाच्या आसपास आणूनही तितकीच हवा जाते. व्यवहारात जाळी आणि गाळणी अडथळा करतात व मंद पंख्याचा दाब कमी पडतो, म्हणून निम्मा वेग धरावा. आवाजाचा नियम तर आणखी फायद्याचा आहे. एकाच पंख्याचा वेग निम्मा केला, तर आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे या १५ डेसिबलची किंमत कळेल.

तेव्हा उपाय असा. पुढे खालच्या बाजूस १२० मिलिमीटरचा एक पंखा हवा आत घेणारा, पाठीमागे वरच्या बाजूस दुसरा बाहेर टाकणारा. गरम हवा वर चढते, तिला तिच्याच वाटेने जाऊ द्यावे. १२० मिलिमीटरच्या पंख्यासाठी साधारण ११४ मिलिमीटरचे, म्हणजे साडेचार इंची गोल भोक लागते. चार स्क्रूंच्या भोकांमधले अंतर १०५ मिलिमीटर असते. हे माप पुठ्ठ्यावर उतरवून फर्मा करावा, पत्र्यावर चिकटपट्टी लावून त्यावर आखावे आणि मगच होल-सॉ चालवावा. ठोकलेली भोके कापून तिथे तारेची मोकळी जाळी लावावी. कडा कानशीने घासून त्यावर रबरी पट्टी बसवावी, कापलेल्या जागी रंगाचा हात द्यावा, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात गंज धरतो. पंखा आणि पत्रा यांच्यामध्ये, तसेच हार्ड डिस्कच्या स्क्रूखाली, सायकलच्या ट्यूबचे तुकडे घालावेत. निम्मी घरघर पंख्याची नसतेच, ती थरथरणाऱ्या पत्र्याची असते. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर तो एक आवाज कायमचाच मिटतो.

कापसाच्या तंतूंसाठी वेगळी युक्ती हवी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी. म्हणजे फटीफटीतून हवा बाहेरच सुटते, धूळ आत ओढली जात नाही. आत घेणाऱ्या पंख्यापुढे बारीक नायलॉनची जाळी सहज निघेल अशी बसवावी आणि ती आठवड्यातून एकदा धुवून, पूर्ण वाळवून परत लावावी. जाळी लावून विसरून जाणे हे जाळी न लावण्यापेक्षा वाईट. सोबत प्रोसेसरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली की अर्धी लढाई जिंकली. पंख्याचा वेग मदरबोर्डाच्या बायोसमधून कमी करावा. वायरी उलटसुलट जोडून पंख्याला ७ व्होल्ट देण्याची एक जुनी क्लृप्ती सांगितली जाते, तिच्या नादी लागू नये. तसेच मदरबोर्डावरच्या पंख्याच्या एका जोडणीवर साधारण १ अँपिअरपेक्षा जास्त भार टाकू नये.

येथे आम्ही हात जोडून काही गोष्टी बजावतो. पहिली, कापण्याआधी डब्यातली प्रत्येक वस्तू बाहेर काढावी. पत्र्याचा एक कीस मदरबोर्डाखाली राहिला तर सगळा खर्च पाण्यात. काम झाल्यावर डबा झटकावा, चुंबक फिरवावे, धुवून वाळवावा. दुसरी, एसएमपीएस उघडू नये. वीज बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो, आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. त्याचा पंखा वाजत असेल तर एसएमपीएसच बदलावा, आणि नवा घेताना बीआयएस नोंदणीची खूण पाहून घ्यावा. तिसरी, अर्थिंग असलेला तीन पिनांचा प्लग वापरावा. आणि बाजू उघडी टाकून टेबलफॅन लावण्याची सवय सोडावी. त्याने हवेची ठरलेली वाट मोडते, तंतू थेट बोर्डावर बसतात, आणि लहान मुलाचे बोट आत जायला वेळ लागत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की एवढा खटाटोप कशाला, नवा लॅपटॉप घ्यावा. ज्याला परवडतो त्याने खुशाल घ्यावा. पण ज्याच्या दुकानाचे भांडवलच तुटपुंजे आहे, त्याने दोन पंखे, जाळी, रबर आणि पेस्ट यांच्या हजार-दीड हजारांच्या कामाऐवजी चाळीस हजारांचा हप्ता का अंगावर घ्यावा? विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली, म्हणून पुष्कळ चांगली यंत्रे मोडीत निघत आहेत. त्यातल्या अनेकांवर लिनक्स उत्तम चालते. शिवाय कॅबिनेटचे माप काल-परवाचे नाही. एटीएक्स नावाचे माप १९९५ साली ठरले आणि आजचे मदरबोर्डही त्याच मापाच्या खुंट्यांवर बसतात. म्हणजे आज नीट कापलेला डबा उद्याच्या मदरबोर्डालाही चालेल. जुने यंत्र मोडीत घालायचेच झाले, तर ते नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जावे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. तांब्यासाठी वायरी जाळणारा भंगारवाला आपल्याच पोरांच्या छातीत धूर भरतो.

दुसरा आक्षेप वॉरंटीचा. तो रास्त आहे. वॉरंटीत असलेल्या तयार संगणकाला हात लावू नये. ज्या संगणकाची मुदत संपली आहे, त्याच्याविषयीच आम्ही बोलत आहोत. आणि ज्याचा मदरबोर्ड किंवा एसएमपीएस मुळातच मरणपंथाला लागला आहे, त्याला मोठे पंखे लावून जीव येत नाही. असे यंत्र समोर आले तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे.

स्पष्ट सांगण्याचा विषय निघाला म्हणून आमच्या संगणक दुरुस्ती करणाऱ्या तरुण मित्रांना दोन शब्द. आपल्या धंद्याची बाजारात पत कमी आहे, हे मान्य करा. डबा दुकानात सोडून गेलेल्या गिऱ्हाइकाला रॅम बदलली जाईल की काय, अशी धास्ती असते. ती घालविण्याचा मार्ग मोजमापाचा आहे. काम घेण्यापूर्वी पूर्ण भार टाकून अर्ध्या तासाने प्रोसेसरचे तापमान किती होते, ते गिऱ्हाइकाच्या समोर पाहा. काम झाल्यावर त्याच खोलीत, त्याच वेळेला पुन्हा पाहा. दोन्ही आकडे बिलावर लिहा. पंख्याचा आवाज मोबाइलवरच्या मापकाने त्याच अंतरावरून दोनदा घ्या. मोबाइलचे माप तंतोतंत नसते, पण एकाच मोबाइलवर आधी-नंतरचा फरक दिसतो. हुपरीचा कारागीर चांदी तोलून घेतो आणि तोलून देतो, म्हणून त्याच्यावर विश्वास आहे. आपणही तोलून द्यावे. तापमान उतरले नाही तर मजुरी घेऊ नये. अशा दुकानाला पाटी लावावी लागत नाही.

आणि शेवटची, आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट. हा धंदा दुरुस्तीवरच थांबायचे कारण नाही. बाजारातली बहुतेक कॅबिनेटे बाहेरून येतात. त्यांत दिव्यांची रोषणाई भरपूर, पण मागाच्या शेडशेजारच्या ऑफिसात काय तंतू उडतात, याचा विचार त्यांच्या आराखड्यात कुठेही नसतो. धुता येणारी मोठी जाळी, दोन मोठे मंद पंखे, घट्ट झाकण, जाड पत्रा आणि काळा-पांढरा साधा रंग, एवढेच असलेले कॅबिनेट इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर अशा प्रत्येक माग-गावाला हवे आहे. पत्रा कापायची लेसर यंत्रे, वाकवायचे प्रेस आणि पावडर कोटिंग ही सारी कामे शिरोली-हातकणंगले परिसराला परकी नाहीत. संगणक जाणणारा एक तरुण आणि पत्रा जाणणारा एक कारखानदार, एवढी दोन माणसे एका टेबलाशी बसली पाहिजेत. सुरुवातीला दहाच नग करावेत, ओळखीच्या दहा दिवाणजींच्या टेबलाखाली ठेवावेत, एक उन्हाळा जाऊ द्यावा आणि मग त्यांनाच विचारावे.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ज्यांनी ऑइल इंजिनाचा धंदा उभा केला, त्यांतील बहुतेकांकडे पदव्या नव्हत्या. समोर आलेले यंत्र उघडून पाहण्याचे धाडस मात्र होते. आजच्या पिढीकडे पदवीही आहे आणि माहितीही. नोकरीची जाहिरात येण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा घरातला जुना डबा उघडावा, मोजावा, कापावा. पहिला डबा आपला स्वतःचा, दुसरा शेजाऱ्याचा, तिसऱ्यापासून मजुरी घ्यावी. व्यापाराची सुरुवात आपल्याकडे अशीच होत आली आहे.