आधी निदान, मग औषध

प्रवराकाठी आमच्या बेलापुरात वाड्याचे दार अडले, तर सुतार आधी बिजागरी व अडसर पाही. हल्लीच्या गाडीखान्याचे विजेचे शटर अडताच मंडळी नवी मोटर मागवितात, हे आम्हांस रुचत नाही. शटर खाली असताना वीज बंद करून मोटरीचा सांधा सोडवावा व ते जपून कमरेइतके उचलावे. तेथेच स्थिर राहिले, तर स्प्रिंग शाबूत, दोष मोटरीकडे. खाली कोसळू लागले, तर स्प्रिंगच निकामी. ताणलेली स्प्रिंग जीवघेणी. तिला जाणत्या कारागिरानेच हात लावावा. मोटर बदलणेच प्राप्त झाले, तर अडथळा लागताच दार परतविणारी घ्यावी. अमेरिकेत १९९३ पासून नव्या घरगुती यंत्रांस कायद्याने तसे बंधन आहे. दाराखालून मुले धावतात, हे वाचकांनी विसरू नये.