चढावर मोटर लावली तर पाप नाही

२०२४ च्या कोजागिरीला मसाला दूध ढवळता ढवळता मी सहज बोलून गेले, की आम्ही दोघं सप्टेंबरात फ्रान्सच्या डोंगराळ भागात सहा दिवस सायकलवरून हिंडून आलो. आजूबाजूच्या चार जणींनी डोळे मोठे केले. "या वयात? चढावर?" म्हटलं, "हो, पण बॅटरीच्या सायकलवरून." झालं! सगळ्यांचा जीव एकदम भांड्यात पडला. "हात्तिच्या! मग काय, मोटरच नेते की!"

त्या "हात्तिच्या"ला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. दूध उतू जात होतं. म्हणून हा लेख.

मी मूळची पुण्याची. सायकलींचं शहर म्हणून पुणं ओळखलं जायचं त्या काळातली. कॉलेजला जाणं, दळण आणणं, मैत्रिणीकडे वही द्यायला जाणं, सगळं सायकलवर. १९८६ साली लग्न होऊन इंग्लंडला आले आणि सायकल सुटली. पुढची पस्तीस वर्षं गाडी, नोकरी, मुलांचे क्लासेस यांत गेली. दरम्यान तिकडे आईची नजर साखरेनं हळूहळू गेली. शेवटी शेवटी मी भारतात गेले की ती माझा चेहरा हातानं चाचपून बघायची. त्यामुळे सर्जरीतल्या नर्सने जेव्हा सांगितलं की माझी एच-बी-ए-वन-सी ४५ आली आहे, तेव्हा मला तो नुसता आकडा वाटला नाही. इथल्या मोजमापात ४२ ते ४७ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, ४८ म्हणजे आत पाऊल. आणि आपल्या लोकांना हा धोका गोऱ्यांच्या मानाने दोन ते चार पट. म्हणूनच वजनाच्या बाबतीतही बी.एम.आय. २३ झाला की आपण सावध व्हायचं असतं, इतरांसारखं २५ पर्यंत थांबायचं नसतं. "मी काही जाडी नाही" हे वाक्य आपल्या बायकांनी सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता फ्रान्सकडे वळते. आम्ही गेलो ते प्रोव्हान्समधल्या लुबेरों डोंगराच्या परिसरात. लंडनहून पॅरिस, तिथे स्टेशन बदलून वेगवान गाडीने आव्हिन्यों, आणि पुढे बसने. या भागातली जुनी गावं एकजात टेकडीच्या माथ्यावर किंवा कड्याला चिकटून. गॉर्द, रूसियों, मेनेर्ब, लाकोस्त, बोन्यू ही नावं नकाशावर जवळजवळ दिसतात. पण लुटारू आणि लढाया यांच्या भीतीने माणसं उंचावर राहिली आणि शेतीला खाली उतरली, हा आपल्याकडच्या गडाच्या माचीसारखाच हिशेब. भीती खोटी नव्हती. १५४५ साली याच डोंगराच्या कुशीतल्या गावांतून वॉल्डेन्शियन पंथाच्या लोकांची राजाच्या सैन्याने कत्तल केली. सायकलवाल्याच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ एवढाच, की गाव बघायचं म्हणजे चढायचं, आणि दुसरं गाव बघायचं म्हणजे उतरून पुन्हा चढायचं.

पहिल्या दिवशी आम्ही हट्टाने साध्या सायकली घेतल्या. (हट्ट आमच्या ह्यांचा. "आपण अजून म्हातारे झालो नाही" वगैरे.) गॉर्दच्या चढावर अर्ध्या वाटेत मी उतरले, आणखी थोडं पुढे हे उतरले. वर पोचेपर्यंत सायकली ढकलत नेल्या. गाव दगडी, सुंदर, पण मला आठवतं ते फक्त कारंजं आणि स्वतःच्या छातीचे ठोके. दुकानं साडेबाराला बंद झालेली. तिकडे दुपारी गाव झोपतं, पावसुद्धा मिळत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आपले सकाळचे ठेपले होते म्हणून निभावलं. संध्याकाळी मी जाहीर केलं, की उद्यापासून बॅटरीवाली, नाही तर मी हॉटेलच्या बागेत विणकाम करत बसते.

दुसऱ्या दिवसापासून खरी सहल सुरू झाली. मोटर आपल्याला नेते, हा गैरसमज आधी काढून टाका. कायद्याने या सायकलची मोटर २५० वॅटची असते, पायडल मारलं तरच चालते आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद होते. पाय थांबले की मोटर थांबली. सपाटीवर मी ती बंदच ठेवत असे. चढावर तिचा उपयोग एवढाच, की धाप लागून बोलणं बंद पडण्याऐवजी दोन वाक्यं बोलता येतील इतकाच श्रम होतो. आणि डॉक्टर लोक "मध्यम व्यायाम" म्हणतात तो नेमका हाच. आठवड्याला १५० मिनिटं करायला सांगतात तो. काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या फारशा मदतीवाचूनही रक्तातली साखर ओढून घेतो, आणि शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे. मग चार तास बोलत बोलत सायकल चालवणारी बाई बरी, की अर्ध्या तासात दमून खोलीवर परत येणारी?

रस्त्यांचं म्हणाल तर सुरुवात करावी ती कालाव्हों नदीकाठच्या सायकलमार्गावर. पूर्वी तिथे रेल्वे होती. रूळ गेले, सपाट वाट उरली. रेल्वेला मोठा चढ चालत नसे, हा आपला फायदा. बोन्यूच्या खाली या नदीवर पों ज्युलियाँ नावाचा रोमन पूल आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा, तीन कमानींचा. २००५ पर्यंत त्याच्यावरून चक्क मोटारी जात होत्या. आता त्यांना शेजारी वेगळा पूल, आणि रोमनांचा पूल चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना. मी त्याच्यावरून तीनदा आले-गेले, काही कारण नसताना. रूसियोंला गेरूच्या लाल-पिवळ्या कड्यांतून वाट आहे; पांढरे बूट घालून जाऊ नका.

फ्रेंच ड्रायव्हर, मला सांगायला हवं, सायकलला जपतात. गावाबाहेर ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवायचा नियम आहे आणि बहुतेक जण तो पाळतात. आपण मात्र उजव्या बाजूने चालवायचं, आणि काही चौकांत उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे डोक्यात पक्कं बसेपर्यंत जपून. चढापेक्षा भीती उताराची. बॅटरीची सायकल वीस-पंचवीस किलोची, ती उतारावर सुटली की ब्रेक आधीपासून थोडे थोडे दाबत यावं लागतं.

औषधं घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. इन्शुलिन किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर लांब सायकलिंगमध्ये साखर एकदम खाली येऊ शकते. ग्लुकोजच्या गोळ्या खिशात हव्यात (बॅगेच्या तळाशी नव्हे), आणि डोसाबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोलायला हवं. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. ब्लडप्रेशरसाठी बीटा-ब्लॉकर असेल तर मनगटावरच्या घड्याळातल्या ठोक्यांवर विसंबू नका, ते औषध ठोके वाढूच देत नाही. बोलता येतंय का, हीच परीक्षा. आणि सायकलने हाडं बळकट होत नाहीत, त्यासाठी चालणं आणि थोडं वजन उचलणं वेगळं करावं लागतं. हे मला माझ्या मुलीने ऐकवलं, तेव्हा थोडा रागच आला होता.

आता पैशाकडे येते, कारण खरी गडबड तिथे होते. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ असेच युरोपात सायकलवरून पडले, गळपट्टीचं हाड मोडलं. विमा होता. पण फॉर्म भरताना त्यांनी ब्लडप्रेशरची गोळी लिहिली नव्हती. "एकच तर गोळी, त्यात काय सांगायचं?" कंपनीने तेच कारण दाखवून हात वर केले. हाडाचा आणि ब्लडप्रेशरचा काय संबंध, असं त्यांनी पुष्कळ भांडून पाहिलं. परतीच्या प्रवासासकट सगळा खर्च अंगावर पडला, आणि तो त्यांनी नातवासाठी ठेवलेल्या पैशातून भागवला. कंपनी निष्ठुर वागली असं मला आजही वाटतं, पण आपणही आजार लपवायची सवय सोडायला हवी. आपल्याकडे साखर शेजाऱ्यापासून लपवतात, ते एक वेळ समजू शकते. विमा कंपनीपासून लपवून कुणाचं लग्न जमणार आहे?

इथला जी-हिक कार्ड हा विमा नाही. तो फुकट मिळतो (पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर पुढे जाऊ नका), फ्रान्समध्ये सरकारी दराने उपचार मिळतात, पण डॉक्टरचे पैसे आधी आपणच भरायचे आणि नंतर साधारण ७० टक्के परत. डोंगरातून उचलून आणणं, इंग्लंडला परत आणणं त्यात बसत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यांना शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो, पण त्यात सायकलिंग आहे का, बॅटरीची सायकल आहे का, हे बारीक अक्षरांत वाचा. भाड्याच्या सायकलचं नुकसान तर पुष्कळदा वेगळंच धरतात.

भाडं आम्हाला सायकलमागे दिवसाला ४० ते ५० युरो पडलं. परत आल्यावर ह्यांनी नोकरीतल्या सायकल-टू-वर्क योजनेतून स्वतःसाठी बॅटरीची सायकल घेतली. पगारातून टॅक्सआधी पैसे कापतात, त्यामुळे बेसिक रेटवाल्याचे साधारण २८ टक्के आणि हायर रेटवाल्याचे ४२ टक्के वाचतात. शेवटी सायकल आपल्या नावावर करताना थोडे भरावे लागतात, आणि निम्म्याहून अधिक वापर कामावर जाण्यासाठी असावा लागतो. आम्हा निवृत्तांना ही सवलत नाही. ज्यांच्या गुडघ्यांवर सरकारचा पुढे सर्वांत जास्त खर्च होणार, त्यांनाच ती नाही! मी माझी पूर्ण किमतीला घेतली.

त्यावर माझ्या जावेने विचारलं, की एवढ्या पैशात पुण्याला एक फेरी झाली असती. झाली असती. पण पुण्यातला फ्लॅट, मुलांसाठी ठेव आणि लॉकरमधलं सोनं यांचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो आणि हे सगळं उपभोगायला लागणारे डोळे-पाय मात्र फुकट मिळाल्यासारखे वापरतो. आईच्या नावावर दोन एफ.डी. होत्या. त्यांच्या पावत्या मी तिला वाचून दाखवत असे.

मंडळातल्या तरुण मुलांचं उलटं. त्यांना एकदम मों व्हांतू चढायचा असतो. बेद्वाँ गावातून २१ किलोमीटर, सोळाशे मीटर चढण, माथा १,९०० मीटरच्या वर, झाडं नाहीत, आणि मिस्त्राल वारा. १९६७ च्या जुलैत टॉम सिम्पसन हा इंग्रज सायकलपटू टूर द फ्रान्समध्ये याच डोंगरावर माथ्याजवळ कोसळून गेला, वय २९. उन्हाचा तडाखा, ॲम्फेटामिन आणि दारू. मुलांनी तयारी करून जरूर जावं. फक्त एकदा व्हांतू चढून फोटो लावायचा आणि मग वर्षभर सायकल गॅरेजात, याला मी व्यायाम म्हणत नाही.

जानेवारीत माझी तपासणी झाली. ४५ ची ४२ आली, म्हणजे अजून उंबरठ्यावरच. याचं श्रेय सहा दिवसांच्या फ्रान्सला नाही. परत आल्यापासून आठवड्यातून तीनदा लायब्ररी, भाजी आणि देवळापर्यंत मी सायकलने जाते. देवळाच्या अलीकडे एक चांगला चढ आहे. तिथे मोटर लावते.