माफीचा सातबारा

दरवर्षी २५ सप्टेंबरला उरण तालुक्यातल्या चिरनेर गावात माणसांची रीघ लागते. पनवेलहून हे गाव काही फार लांब नाही. एरवी लोक तिथे जातात ते महागणपतीच्या दर्शनाला. त्या दिवशी मात्र देवदर्शनाबरोबरच हुतात्मा स्मारकापाशीही सारे थांबतात. पुढाऱ्यांची भाषणे होतात, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि पोलिसांची तुकडी हवेत फैरी झाडून मानवंदना देते. आवाज झाला, की कडेवरची मुले दचकून आईला बिलगतात. १९३० साली याच तारखेला, याच गावाजवळच्या अक्कादेवीच्या रानात पोलिसांच्या बंदुका झडल्या होत्या. तेव्हा मात्र त्या हवेत झाडलेल्या नव्हत्या.

एकदा शाळकरी भाचीला मी तिथे घेऊन गेलो होतो. परतीच्या वाटेवर तिने विचारले, ‘‘मामा, त्या सरकारने नंतर यांची माफी मागितली का?’’ मी म्हटले, ‘‘नाही.’’ त्यावर ती म्हणाली, ‘‘मग हे मिटलं कसं?’’ लहान मुलांच्या जगात भांडण मिटण्याची एक रीत असते. ज्याने मारले, त्याने ‘चुकलो’ म्हणायचे. आपण मोठी माणसे हीच रीत त्यांना शिकवतो. ती राष्ट्रांना लागू आहे की नाही, हे सांगताना मात्र आपली जीभ अडखळते.

चिरनेरला नेमके घडले काय, ते थोडक्यात आठवू या. १९३० च्या त्या वर्षी गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. जिथे मीठ नव्हते, तिथे लोकांनी जंगलचा कायदा मोडला. पुसदला लोकनायक अणे यांनी जंगल सत्याग्रह केला, सांगलीकडच्या बिळाशीने केला, तसा आपल्या कुलाबा जिल्ह्यात चिरनेरने केला. आगरी, कोळी, कातकरी अशी आसपासच्या गावांतली साधी माणसे कोयते घेऊन रानात शिरली. सत्याग्रह शांतपणे करायचा होता, पण शेवट गोळीबारात झाला. नाग्या महादू कातकरी आणि त्याच्यासारखे गावोगावचे गडी पडले. मामलेदार जोशीही त्याच दिवशी मारले गेले. मग अटका झाल्या आणि खटले चालले.

हा सत्याग्रह लाकडासाठी नव्हता, हक्कासाठी होता. १८७८ च्या जंगल कायद्याने रानाच्या भोवती कागदावर रेघ ओढली आणि रेघेच्या आतले रान ‘राखीव’ केले. आगगाडीच्या रुळांखाली घालायला इमारती लाकूड हवे होते, सरकारला महसूल हवा होता. ज्या रानातून पिढ्यान् पिढ्या सरपण, पाला आणि मध आणला, तिथे जायला आता परवानगी लागू लागली. कालचा हक्क आज सवलत झाला आणि सवलत मोडणारा माणूस गुन्हेगार ठरला. पुढे १९२७ च्या कायद्याने हीच घडी आणखी पक्की केली.

अशा अन्यायाची माफी मागायची असते का? जगात अलीकडे ती मागितली जाते आहे. नेदरलँडच्या पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये गुलामगिरीबद्दल माफी मागितली आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये राजानेही मागितली. नामिबियातला नरसंहार जर्मनीने २०२१ साली मान्य केला. पंजाबी माणसांनी भरलेली ‘कोमागाता मारू’ बोट १९१४ साली परत पाठवल्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी २०१६ साली संसदेत क्षमा मागितली.

इंग्लंडची तऱ्हा मात्र वेगळी. १९९७ साली राणी एलिझाबेथ जालियनवाला बागेत आल्या, बूट काढून उभ्या राहिल्या, पुष्पचक्र वाहिले आणि परत गेल्या. २०१३ साली पंतप्रधान कॅमेरून आले. त्यांनी ती घटना लाजिरवाणी असल्याचे लिहिले, पण माफीचा शब्द टाळला. २०१९ साली शताब्दीच्या वेळी थेरेसा मे यांनी संसदेत दिलगिरी व्यक्त केली, तिथेही माफी नव्हती. दिलगिरी आणि माफी यांत अंतर आहे. ‘तुमच्या घराला आग लागली, वाईट वाटले,’ ही झाली दिलगिरी. ‘आग मी लावली,’ ही माफीची सुरुवात.

आता यावर आक्षेप येतात आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप असा, की ज्यांनी गोळ्या झाडल्या ते गेले, ज्यांना लागल्या तेही गेले. लंडनमध्ये आज बस चालवणाऱ्या माणसाने चिरनेरची माफी का मागावी?

याचे उत्तर पनवेलच्या माणसाला तलाठ्याकडे गेल्यावर आपोआप मिळते. वडील वारले, की आपण वारसनोंद करतो आणि सातबाऱ्यावर आपले नाव लागते. पण त्याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’ नावाचा रकाना असतो. तिथे सोसायटीच्या कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. जमीन मला हवी, बोजा मात्र वडिलांबरोबर गेला, असे कुणी म्हटले तर तलाठी हसेल. माणसे मरतात, सरकारे मरत नाहीत. १९३० सालच्या ब्रिटिश सरकारचे वारस आजचे ब्रिटिश सरकार आहे. म्हणून माफी बस चालवणाऱ्याने मागायची नाही, त्याच्या सरकारने मागायची.

दुसरा आक्षेप असा, की नुसत्या शब्दांनी काय होते? हा मला अधिक मोलाचा वाटतो. केनियातल्या स्वातंत्र्यलढ्यात छावण्यांमध्ये छळ सोसलेले काही म्हातारे २००९ साली लंडनच्या न्यायालयात गेले. तो खटला चालू असताना, सरकारने वर्षानुवर्षे दडवून ठेवलेली वसाहतींची हजारो कागदपत्रे उजेडात आली. २०१३ साली इंग्लंडने खेद जाहीर केला आणि पाच हजारांहून अधिक लोकांसाठी सुमारे दोन कोटी पौंड मोजले. तिथे कागद खुले झाले, माणसे मोजली गेली आणि भरपाई त्यांच्या हाती पडली. जी माफी दिल्लीच्या मेजवानीत मागितली जाईल आणि चिरनेरच्या वाडीपर्यंत पोचणार नाही, तिची किंमत मेजवानीतल्या फुलांएवढीच.

इथपर्यंत बोट इंग्लंडकडे दाखवणे सोपे होते. पण सातबाऱ्याची गोष्ट काढली, की ती आपल्याही दारी येते. १९४७ साली सत्तेची वारसनोंद आपल्या नावे झाली. त्याबरोबर आपण रेल्वे घेतली, कचेऱ्या घेतल्या आणि १९२७ चा जंगल कायदाही घेतला. इंग्रज गेले, पण रानाभोवतीची रेघ राहिली. चिरनेरला हुकूम परक्या सत्तेचा असला, तरी बंदुकीवरचे हात आपल्याच माणसांचे होते, हेही विसरू नये.

ज्या नाग्या कातकऱ्याला आपण दरवर्षी मानवंदना देतो, त्याच्या जमातीची आजची स्थिती पाहा. दिवाळी झाली, की रायगडातली किती तरी कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. मुलांची शाळा तिथेच सुटते. अनेक वाड्यांत घराखालची जमीन दुसऱ्याच्याच नावावर असते. ‘दळी’ म्हणून ओळखली जाणारी डोंगरउतारावरची जमीन पिढ्यान् पिढ्या कसली, पण मालकीचा कागद हाती आला नाही. ज्याच्या नावाचा स्तंभ उभा आहे, त्याच्या भाऊबंदांच्या नावाचा उतारा मात्र निघत नाही.

आपल्या संसदेने याची कबुली मात्र दिलेली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेतच म्हटले आहे, की रानात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला आणि तो वसाहतकाळात झाला तसा स्वतंत्र भारतातही झाला. एखादे सरकार स्वतःच्या कायद्यात स्वतःचा दोष लिहून ठेवते, ही लहान गोष्ट नव्हे. पण कबुली दिली म्हणजे कर्ज फिटत नाही. त्या कायद्याखालच्या दाव्यांचे पुढे काय होते, अर्ज कोणत्या टेबलावर पडून राहतो, मिळालेल्या पट्ट्यावर क्षेत्र किती लिहिले जाते, यावर त्या प्रस्तावनेची किंमत ठरणार आहे.

आपल्याच परिसरातली दुसरी आठवण तर अजून ताजी आहे. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींना न्याय मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जासईच्या परिसरात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मे झाले. तेव्हा राज्य आपले होते. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. दि. बा. पाटलांचे नाव इथल्या घराघरांत आदराने घेतले जाते, ते याच लढ्यासाठी. ‘आमचे चुकले’ असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. पण भूखंडाचा कागद ज्याच्या हाती आला, त्याला निदान आपले म्हणणे खरे होते एवढे तरी कळले.

कुणी म्हणेल, म्हणजे आधी आपले घर स्वच्छ करा आणि मग इंग्लंडला विचारा? नाही, मला तसे म्हणायचे नाही. एकाचे कर्ज थकले म्हणून दुसऱ्याचे माफ होत नाही. लंडनकडे माफी मागायला लावण्याचा आपला हक्क शाबूत आहे आणि ती मागणी सोडू नये. चिरनेरचेच कशाला, पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ साली मायदेशापासून दूर एडनच्या तुरुंगात मरण पावले, त्याचीही आठवण त्या सरकारला करून द्यावी. पण माफी म्हणजे काय हे ज्याने स्वतः करून दाखवले, त्याच्या मागणीला वजन येते. आपण कातकरी वाडीवर जाऊन जमिनीचा कागद हातात ठेवला, तर इंग्लंडला सांगू शकू, की हे असे करायचे असते.

भाचीच्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ‘‘हे मिटलं कसं?’’ असे तिने विचारले होते. ते मिटलेले नाही, पोरी. आपण फक्त दरवर्षी फैरी झाडतो आणि घरी येतो. येत्या २५ सप्टेंबरला त्या फैरी झडून झाल्यावर, त्याच मांडवात, तहसीलदारांनी दहा-वीस कातकरी कुटुंबांना नावे पुकारून त्यांच्या जमिनीचे उतारे द्यावेत. त्या दिवशी नाग्याची मानवंदना पुरी होईल आणि भाचीला मी सांगू शकेन, की मिटायला सुरुवात झाली आहे.