पथ्याच्या पंगतीला कोणी बसावे?

अलीकडे सुशिक्षितांच्या बैठकीत एक नवा वाद ऐकू येऊ लागला आहे. मोठमोठ्या शहरांत अशी काही उपाहारगृहे निघाली आहेत, की जेथे गव्हाचा कणही स्वयंपाकघरात शिरू देत नाहीत. युरोप-अमेरिकेत ती पुष्कळ आहेत; आपल्याकडे अद्याप तुरळक. दारावर 'ग्लुटेन-फ्री' अशी पाटी असते. ज्यांना गहू जन्मभर वर्ज्य आहे, अशा रोग्यांची सोय व्हावी हा मूळ हेतू. वाद असा, की ज्याला पोळी सुखाने पचते अशा माणसाने तेथे जाऊन बसावे की नाही? एक पक्ष म्हणतो, हे रोग्याच्या तोंडचा घास काढून घेणे झाले. दुसरा पक्ष म्हणतो, आम्ही रोख पैसे मोजतो, मग आम्हांला अडविणारे तुम्ही कोण?

माझे मत आरंभीच सांगून टाकतो. जावे, अवश्य जावे. घरच्या माणसांना घेऊन जावे. पण पथ्याचे सोंग घेऊन जाऊ नये, आणि त्या स्वयंपाकघराचे सोवळे मोडू नये. हे दोन 'पण' मला 'जावे' इतकेच महत्त्वाचे वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

मी काही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे. तेव्हा ग्लुटेन म्हणजे काय ते वर्गात सांगतो तसेच सांगतो. कणकेचा गोळा घ्या आणि नळाखाली हलक्या हाताने धुवा. पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात एक चिवट, रबरासारखा लगदा उरतो. तेच ग्लुटेन. ते आहे म्हणून पोळी पातळ लाटता येते. ज्वारी-बाजरीत ते नाही म्हणून भाकरी थापावी लागते. गहू, जव आणि राय या धान्यांत ते असते. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा यांत नसते.

आपल्यापैकी बहुतेकांना ते निमूटपणे पचते. परंतु जगात सुमारे शंभरातल्या एकाला 'सीलिअॅक' नावाची व्याधी असते. त्याच्या पोटात ग्लुटेन गेले, की शरीराची रक्षणयंत्रणा स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आतील जी बारीक लव अन्नरस शोषून घेते, ती झडून सपाट होते. मग मूल पोटभर जेवते आणि तरीही वाळत जाते. उंची खुंटते, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. २०११ साली दिल्ली परिसरातील एका पाहणीत शंभरामागे सुमारे एक हेच प्रमाण आढळले. भात खाणाऱ्या दक्षिणेत ते पुष्कळच कमी आहे. यातील बहुसंख्य लोकांना आपल्याला हा रोग आहे याचा पत्ताही नसतो.

या रोगाचे कारण सापडले तीही मोठी विलक्षण हकीकत आहे. हॉलंडातील हेग येथे विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच त्यांना गव्हाचा संशय येऊ लागला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात त्या देशात भयंकर दुष्काळ पडला. माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली. पाव दिसेनासा झाला. धडधाकट माणसे भुकेने मरत असता ही आजारी मुले मात्र सुधारताना डिके यांना दिसली. पाव पुन्हा मिळू लागला, तशी ती पुन्हा खंगू लागली. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा दोष सिद्ध केला. त्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली. पण गहू जन्मभर सोडणे यावाचून या रोगावर आजही दुसरा उपाय नाही.

आणि 'सोडणे' म्हणजे किती सोडणे? इटलीतील संशोधकांनी २००७ साली असे दाखविले, की रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेले तरी आतड्याला इजा होते. एका चपातीत दोन-तीन ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे चपातीचे पन्नास तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा रोज पुरे! म्हणूनच आपल्याकडील कायद्यानेही 'ग्लुटेन-फ्री' म्हणवणाऱ्या खाद्यपदार्थाला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे.

आता पहिल्या पक्षाचे म्हणणे तपासू. ते म्हणतात, निरोगी माणसांनी तेथे गर्दी करू नये. ऐकायला हे मोठे सोज्ज्वळ वाटते. पण हिशेब करून पाहा. शंभरांत एक रोगी. त्यातही रोगाचे निदान झालेले थोडे. एवढ्या गिऱ्हाइकांवर उपाहारगृहाचे भाडे, आचाऱ्याचा पगार आणि विजेचे बिल निघेल काय? रोग्यांपुरते चालविलेले उपाहारगृह सहा महिन्यांत बंद पडेल, आणि मग त्या रोग्याने कोठे जावे? तुमची सहानुभूती त्याला दोन घास जेवू घालणार आहे थोडीच!

उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. साबुदाण्याची खिचडी हा खरा उपासाचा पदार्थ. पण आपल्याकडच्या उपाहारगृहांतून ती खाणाऱ्यांत उपास असलेले किती? आवडते म्हणून खाणारेच अधिक. या बिनउपासाच्या मंडळींच्या जिवावर खिचडी कोणत्याही वारी तयार असते, आणि म्हणून एखाद्या प्रवासी आजीला आडवारी उपास आला तरी उपाशी राहावे लागत नाही. खिचडी फक्त उपासकऱ्यांनीच खावी असा नियम केला असता, तर ती एकादशीखेरीज दृष्टीस पडली नसती.

पैशाहूनही मोठी गोष्ट सोबतीची आहे. आमच्या शाळेत एक मुलगी होती. तिला हा रोग. मधल्या सुटीत मुले एकमेकांच्या डब्यात हात घालीत, आणि ही आपला डबा घेऊन खिडकीपाशी बसे. कोणाचा वाढदिवस झाला, केक वाटला, की ती आपला तुकडा घेई, कागदात गुंडाळी आणि धाकट्या भावासाठी घरी नेई. एका शनिवारी तिच्या आईने साऱ्या वर्गासाठी तांदळाच्या पिठाची धिरडी पाठविली. मुलांनी पाच मिनिटांत डबा रिकामा केला आणि उरलेल्या चटणीसाठी भांडणे केली. त्या भांडणात ती मुलगी सर्वांत मोठ्याने ओरडत होती. त्या मुलांना पथ्य नव्हते म्हणून त्यांनी धिरडी खाऊ नयेत, असे कोणी म्हणेल काय? पथ्याच्या माणसाला पथ्याच्याच माणसांत बसविणे म्हणजे त्याच्यासाठी जेवणाचे नव्हे, इस्पितळाचे दालन उघडणे होय.

मात्र दुसऱ्या पक्षाला एवढ्यावरून हर्ष होण्याचे कारण नाही. खरे पाप त्यांच्या पदरी आहे, आणि ते खाण्याचे नसून सोंगाचे आहे.

हल्ली गहू सोडणे ही एक हौस झाली आहे. कोणी वजन उतरावे म्हणून सोडतो, कोणी नटनट्यांनी सोडला म्हणून सोडतो. ज्याला व्याधी नाही, त्याला गहू सोडल्याने काही विशेष लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही. उलट बाजारातील कित्येक 'ग्लुटेन-फ्री' बिस्किटांत आणि पावांत चोथा कमी असतो आणि किंमत मात्र जास्त. तरीही ज्याला हौस आहे त्याने ती करावी. पण हा गृहस्थ वाढप्याला दरडावून सांगतो, "मला गहू बिलकूल चालत नाही हं!" आणि जेवण आटोपल्यावर शेजारच्याच्या बशीतील केकचा तुकडा हसत हसत तोंडात टाकतो. वाढपी हे पाहतो. दहा वेळा पाहतो. मग अकराव्या वेळी एखादी आई काकुळतीने तेच वाक्य बोलते, तेव्हा तो मनात म्हणतो, आले आणखी एक थेर! आणि पोळीचाच तवा नुसता पुसून त्यावर डोसा घालतो. त्या मुलाच्या आतड्याची इजा कोणाच्या खात्यावर मांडायची? म्हणून म्हणतो, जाल तेथे सरळ सांगा: "आम्हांला पथ्य नाही, तुमच्याकडचे पदार्थ आवडतात म्हणून आलो." यात कमीपणा कसला?

सोंगाचा आणखी एक तोटा आहे, तो सोंग घेणाऱ्यालाच. कोणाला खरोखर शंका असेल, तर गहू आधी सोडू नये. आधी डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे. गहू बंद केल्यावर तपासणी केली, तर रोग असूनही तो तपासणीत न दिसण्याचा संभव असतो.

आता सोवळ्याविषयी. हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. जुन्या सोवळ्याने माणसे पंगतीबाहेर बसविली. सहभोजनासाठी झगडलेल्या महाराष्ट्राला त्याचा वीट आला, हे योग्यच झाले. पण हे नवे सोवळे नेमके उलटे आहे. एरवी बाहेर बसावे लागणाऱ्या एका माणसाला पंगतीत घेण्यासाठी ते पाळावयाचे आहे. म्हणून अशा ठिकाणी जाताना आपल्या पिशवीतला पाव वा मुलाच्या हातातले बिस्किट तेथे बाहेर काढू नये. दिवसाचा शेवटचा पाव शिल्लक असेल, तर तो आपण उचलू नये. आपल्याला वाटेत दहा दुकाने आहेत. आणि जागा अपुरी असेल, तर ज्याला दुसरीकडे जाता येत नाही त्याला आधी बसू द्यावे.

येथे कोणी म्हणेल, "मास्तर, आपल्या आजीचे स्वयंपाकघर ज्वारी-बाजरीचेच होते, आपल्याला ही विलायती थेरे कशाला?" भाकरीचा मलाही अभिमान आहे. पण त्याच गिरणीत आधी गव्हाचे दळण निघते आणि मागाहून ज्वारीचे. बाजारच्या डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. म्हणजे आमटी-भात खाणारा रोगीही फोडणीत फसतो! गंमत अशी, की उपासाची भाजणी दळायला नेताना गिरणीवाल्याला चार वेळा बजावणारे आपण; साबुदाणावडा बटाटेवड्याच्या तेलात तळला, तर गल्ल्यावर जाऊन हुज्जत घालणारे आपण. पुण्याच्या बाबतीत कण न् कण आपल्याला कळतो, मग पोराच्या आतड्याच्या बाबतीतच "एवढ्याशाने काय होते?" हे कोठून येते?

हा प्रश्न दिवाळीतच विचारावयास हवा, कारण "एवढ्याशाने काय होते?" हे आपल्या आतिथ्याचे ब्रीदवाक्य आहे. फराळाचे ताट पुढे येते. शंकरपाळी, करंजी मैद्याची. रव्याचा लाडू गव्हाचाच. अनारसा तांदळाचा खरा, पण तो शंकरपाळीच्याच तुपात तळलेला. चकलीच्या भाजणीत काही घरी मूठभर गहू पडतात. चिवड्यात हिंग. पाहुण्यांचे मूल मागे सरते, आणि आपण प्रेमाने त्याच्या तोंडाशी करंजी नेतो. आई नको म्हणते, तर आपल्याला राग येतो! मुलाला आग्रह करणारे आपण आणि वाईट ठरते ती बिचारी आई.

इटलीने २००५ साली या रोगासाठी खास कायदा केला. तेथे शाळा-इस्पितळांच्या भोजनगृहांत मागणी केल्यास बिनगव्हाचे जेवण द्यावेच लागते. आणि हा देश तर पावाचा आणि पास्त्याचा! आपल्या कोठारात पाच-सहा धान्ये बिनगव्हाची पडून आहेत. कायदा होईल तेव्हा होवो. यंदा एवढे करू: नवे तेल कढईत ओतल्यावर पहिला घाणा अनारशांचा किंवा तांदळाच्या चकल्यांचा काढू, हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचू, आणि तो डबा वेगळा ठेवू. पाहुण्यांपैकी कोणाला गहू वर्ज्य असेल, तर तो त्याच्यापुढे ठेवू. आणि त्याच डब्यातले आपणही त्याच्याबरोबर खाऊ.