परदेशी पाहुण्यांस सूचना

वऱ्हाड म्हणजे आमचा मुलूख, आणि वऱ्हाड म्हणजे लग्नाला निघालेली मंडळी. एकाच शब्दात प्रांत आणि पंगत बसवणारे आम्हीच. लक्ष्मण देशपांड्यांनी रंगभूमीवर एकट्याने वऱ्हाड लंडनला नेले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. आताचा प्रश्न उलटा आहे. आता परदेशच वऱ्हाडात येऊ लागला आहे, आणि त्याला उतरवायचे कुठे, या काळजीने मुलीच्या बापाची झोप उडाली आहे.

अमरावतीचे आमचे मावसभाऊ हे असेच एक बाप. कन्या अमेरिकेत, जावई तिथलाच, लग्न डिसेंबरात अमरावतीला. मुलाकडची माणसे चौदा. परवा भाऊ अकोल्याला माझ्या घरी आले ते दोन कागद घेऊन. पहिला कागद इंग्रजी होता. ‘जरा तपासून दे, तुझं इंग्रजी बँकेतलं आहे,’ म्हणाले. बँकेतल्या इंग्रजीत मी जन्मभर ‘आपला अर्ज मंजूर करता येत नाही’ एवढेच वाक्य लिहिले आहे, पण ते बिनचूक लिहितो, हे खरे.

कागद म्हणजे परदेशी पाहुण्यांसाठी प्रवासाच्या सूचना. लग्नाचा ठेका घेतलेल्या मंडळींनी तयार केलेल्या. एकूण सत्तावीस कलमे. पाणी पिऊ नये. कापलेले फळ खाऊ नये. पाकीट पुढच्या खिशात ठेवावे. गर्दीत जाऊ नये. रस्ता एकट्याने ओलांडू नये. वाचता वाचता मलाच अमरावतीला जायची भीती वाटू लागली. मी तिथे कॉलेजची चार वर्षे काढून बी.कॉम. झालो (तीनच लागतात, पण तो विषय वेगळा), आणि एवढ्या संकटांतून जिवंत बाहेर पडलो हे मला आजवर कुणी सांगितलेच नव्हते.

आता मी आंधळा अभिमानी नाही. पाणी उकळून प्यावे हे खरेच. डास आहेत, आणि ते पासपोर्ट पाहून चावत नाहीत. मे महिन्यात लग्न असते आणि अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला असता, तर ‘येऊच नका’ असे मीच लिहिले असते. सावध करणे वेगळे आणि लाज वाटणे वेगळे. माझे भांडण आहे ते दुसऱ्याशी.

कारण या सत्तावीस कलमांत कामाचे एक नाही. मुंबईहून हावड्याच्या वाटेने जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अमरावतीला येतच नाहीत, बडनेऱ्याला उतरावे लागते, हे कुठे आहे? बिचारा पाहुणा ‘अमरावती’ पाटीची वाट पाहत नागपूर गाठेल. परदेशातून थेट यायचे तर नागपूरचा विमानतळ बरा, तिथून मोटारीने दीडशे किलोमीटर. बेलोऱ्याला मुंबईचे विमान १६ एप्रिल २०२५ पासून सुरू झाले, पण ते लहान, पंख्यांचे. जागा आधी पाहाव्यात. परदेशी पाहुणा घरी उतरवला तर २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारकडे करायची, हे यजमानाला कोण सांगणार? आणि मागच्या खेपेच्या उरलेल्या नोटा आणू नका, हे? ८ नोव्हेंबर २०१६ ला रद्द झालेल्या हजाराच्या नोटा अजून कुणाकुणाच्या परदेशातल्या कपाटात जपून ठेवलेल्या असतात. तशी एक नोट मी काउंटरवरून परत केली, तेव्हा त्या गृहस्थाचा चेहरा जुना मित्र वारल्यासारखा झाला होता.

अमरावती-अकोला रस्त्याचाही उल्लेख नाही. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर ७५ किलोमीटरचे डांबर १०५ तास ३३ मिनिटांत सलग पडले आणि गिनीज बुकात नाव लागले. एवढ्या वेगाने रस्ता झाला तो आमच्याकडे, आणि त्यावरून सर्वांत सावकाश निघते ते वऱ्हाडही आमचेच. पाहुण्याला हे कळले तर मुहूर्ताला तो घड्याळ पाहणार नाही.

पण मी थांबलो तो एकोणिसाव्या कलमाशी. ‘घरातील वृद्ध स्त्रिया आपल्या गालावरून हात फिरवतील व कपाळाशी बोटे मोडतील. नको असल्यास हसून एक पाऊल मागे सरावे.’

वृद्ध स्त्रिया म्हणजे कोण? भाऊंची आई. म्हणजे माझी मावशी. वय ७८. या बाईने आमच्या दोन घरांतल्या अकरा पोरांची दृष्ट काढली. तिच्या हातापासून एक पाऊल मागे कसे सरावे, याच्या सूचना तिच्याच नातीच्या लग्नात वाटायच्या?

मी दुसरा कागद उलटला. तो माझ्या ओळखीचा निघाला. कर्जाचा अर्ज. कारण : विवाह. रक्कम : तीन लाख.

‘लग्नाचे पैसे तर तुम्ही जमवले होते ना, भाऊ?’

‘जमवले होते रे. हे वरचे. आठ खोल्या, चार रात्री, मोटारी, त्यांचं वेगळं जेवण.’

‘आणि मावशी कुठे झोपणार?’

भाऊ जरा घुटमळले. मावशीच्या खोलीला लागून कमोड आहे. ती खोली पाहुण्यांना दिवसा टेकायला ठेवली होती. मावशीचे गुडघे गेलेले, पण तिची सोय वरच्या मजल्यावर. तिच्यासाठी सूचनापत्रक कुणी काढलेले नव्हते.

मग मात्र मी भांडलो. म्हटले, भाऊ, ज्या गावात गाडगेबाबांची समाधी आहे, त्या गावात तुम्ही हे करता? कर्ज काढून समारंभ करू नका, हे सांगत तो माणूस गावोगाव कीर्तने करीत फिरला आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीच्याच वाटेवर गेला. तुमचे लग्न त्याच्या पुण्यतिथीच्या आठवड्यात, आणि हप्ते पाच वर्षे! आणि परदेशी पाहुण्याचे काय घेऊन बसलात? कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीला न्यायला समुद्रातल्या द्वारकेहून पाहुणा आला, तो अंबादेवीच्या देवळातून तिला घेऊन गेला असे आपण सांगतो. त्याला कुणी कळवले होते, पाणी पिऊ नका म्हणून? पाहुणा माणसे पाहायला येतो. आपण त्याला आपली माणसे सोडून बाकी सगळे दाखवतो, आणि त्याचे बिल माणसांवर फाडतो.

भाऊ गप्प झाले. आमच्या सौभाग्यवतीने चहा आणला, कारण तिला बाहेर भांडण ऐकू आले होते. चहात तडजोड झाली. तरुण आठ जण घरी आणि शेजारी, थोरले सहा हॉटेलात, तीन खोल्या. जेवण एकच, तिखट बाजूला. मावशी तिच्या खोलीत. अर्ज मी घडी घालून भाऊंच्याच खिशात ठेवला. कर्ज न देण्याचा आनंद मला प्रथमच झाला.

नव्या सूचना मी लिहिल्या. दहाच कलमे. एकोणिसावे कलम काढून शेवटी घातले : ‘आजी बोटे मोडतील. पुढे व्हावे.’

मावशीला फोनवर वाचून दाखवले. म्हणाली, ‘त्याईले म्हणा, पोटभर जेवा. पोट दुखलंच तं मी हाय ना, हिंगाचं पाणी देतो.’ हे अकरावे कलम झाले.

पत्रक गेले. काल वरमायचे उत्तर आले. सगळे कळले, फक्त जेवणातले रोडगे कशावर भाजतात, एवढे सांगावे. मी उत्तर लिहायला बसलो आहे, पण गोवरीपाशी अडलो. कोशात पाहिले तर इंग्रजी शब्दाच्या शेवटी ‘केक’ आहे. तसे कळवले, तर बाई जेवणानंतर मागतील.