सेवा कुणाची, कॉफी कुणाची?

कोस्टा रिकातल्या 'शाश्वत' कॉफीच्या गावात दोन आठवडे सेवा करा, असं आमचं अमेरिकेतलं विद्यापीठ दर जूनच्या सुट्टीत सांगतं. मी जात नाही. तुम्हीही जाऊ नका.

तिथली तोडणी साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मग जूनमध्ये आपण कुणाचं ओझं हलकं करणार? कॉफीची फळं एकदम पिकत नाहीत. लाल झालेली तेवढीच हाताने तोडायची, त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा यायचं. हे काम मुख्यतः निकाराग्वातले मजूर आणि न्गाबे आदिवासी करतात. मजुरी दिवसावर नाही, 'काहुएला' या २० लिटरच्या मापावर. आपल्या ऊसतोडीसारखंच: बिऱ्हाड पाठीवर, पैसे मालावर. आपल्या सेल्फीत ते नसतात, कारण तेव्हा ते तिथे नसतातच.

फेअरट्रेडने २०२३ मध्ये धुतलेल्या अरेबिकाचा किमान भाव पौंडाला १.८० डॉलर केला. माझ्या कॅम्पसवर तेवढ्यात एक कपही मिळत नाही.

सेवाच करायची तर विचारा: आपल्या कॅन्टीनची कॉफी कुणाकडून, काय भावाने येते? तोडणाऱ्याला त्यातलं किती मिळतं? हे विचारायला पासपोर्ट लागत नाही.